एकाला किती? दर, एकूण किंमत आणि शाब्दिक उदाहरणांतली गफलत

सांजवात

भाचीची परीक्षा जवळ आलीय, म्हणून रोज संध्याकाळी तासभर तिच्यासोबत गणिताला बसते. ती सहावीत आहे. पाढे तोंडपाठ आहेत, भागाकारात सहसा चूक होत नाही. पण "इतक्याला इतके, तर इतक्याला किती" असं उदाहरण आलं की घोडं अडतं. काल ते नेमकं कुठे अडतं हे दिसलं, म्हणून हा धागा काढतेय.

उदाहरण असं होतं: १२ मीटर तार ८ रुपयांना मिळते, तर ३० मीटर तारेची किंमत किती?

तिने १२ ला ८ ने भागलं. १.५ आलं. पुढे लिहिलं, "१ मीटर तारेची किंमत १.५ रुपये". मग १.५ गुणिले ३० करून उत्तर ४५ रुपये. खाली दोन रेघा मारून मोकळी झाली.

मी म्हटलं, "१२ मीटरला ८ रुपये. ३० मीटर म्हणजे त्याच्या अडीचपट. मग ८ च्या अडीचपट किती?" तिने मनातल्या मनात केलं आणि म्हणाली, "वीस." मग बराच वेळ वहीकडे बघत बसली. शेवटी विचारलं, "मावशी, पण माझा भागाकार तर बरोबर आहे ना?"

भागाकार बरोबरच होता! १२ ÷ ८ = १.५ यात काहीच चूक नाही. फक्त ते १.५ रुपये नव्हेत, ते मीटर आहेत. एका रुपयाला दीड मीटर तार येते, असं ते उत्तर सांगतंय. तिने एका प्रश्नाचं अगदी अचूक उत्तर काढलं आणि ते दुसऱ्याच प्रश्नाखाली लिहिलं.

"१२ ला ८ नेच का भागलंस?" असं विचारल्यावर म्हणाली, "मोठ्याला लहानाने भागायचं असतं." आणि खरंच, आजवर तिने जे भागाकार केले त्यात बहुतेक वेळा भाज्य मोठा आणि भाजक लहान होता. तिने त्यावरून स्वतःचा नियम बांधला. तो नियम तिला कुणी शिकवला नाही आणि तो चुकीचा आहे हेही कुणी सांगितलं नाही.

मग मला एक गोष्ट सुचली. आपल्या भाषेत याची किल्ली आधीच आहे: "ला". "मीटरला किती रुपये?" आणि "रुपयाला किती मीटर?" ज्या शब्दाला "ला" लागतो तो एक होतो, म्हणजेच त्याने भागायचं. मीटरला विचारलंय तर मीटरने भागा, रुपयाला विचारलंय तर रुपयांनी भागा. कोणता आकडा मोठा आणि कोणता लहान, याच्याशी काही संबंध नाही.

तिला हे पटलं आणि लगेच पुढची चार उदाहरणं तिने स्वतः सोडवली. पण मला शंका आहे की ही युक्ती कुठेतरी तोकडी पडेल. तुमच्यापैकी जे शिकवतात किंवा ज्यांचं रोजचं काम मोजमापाचं आहे, त्यांनी सांगावं. मुलांना दर आणि एकूण किंमत नीट कळावी म्हणून तुम्ही काय करता?

---

जुना_फळा

"ला" ची किल्ली मला फार आवडली. इतकी वर्षं फळ्यासमोर उभा राहिलो, पण ती इतक्या थेट शब्दांत मांडली नव्हती.

शाळेत याला एकमान पद्धत म्हणतात. आधी एकाची किंमत, मग अनेकांची. आम्ही मुलांकडून एक शिस्त पाळून घ्यायचो: जे काढायचं आहे ते उजव्या बाजूला लिहायचं. रुपये विचारलेत तर रुपये उजवीकडे, मीटर डावीकडे.

१२ मीटर : ८ रुपये
१ मीटर : ८/१२ रुपये
३० मीटर : (८/१२) × ३० = २० रुपये

डावीकडचा १२ चा १ झाला, म्हणजे १२ ने भागलं. मग उजवीकडेही १२ नेच भागायचं. मुलाने दोन्ही बाजू मांडल्या की "मोठ्याला लहानाने" हा प्रश्न उरतच नाही. चूक होते ती बहुतेक करून मधली ओळ मनात करण्यामुळे. मुलांना वेळ वाचवायचा असतो आणि नेमकी तीच ओळ गाळली जाते.

आणखी एक. मधल्या ओळीत ८/१२ तसंच ठेवा. भाचीने त्याचं ०.६७ केलं तर ३० ने गुणल्यावर २०.१० येईल. दहा पैशांचा फरक वाटतो, पण मूल गोंधळतं. माझ्या वर्गात हमखास यायचं ते उदाहरण: ७ मीटरला १०० रुपये, तर ३५ मीटरला किती? दर १४.२९ धरून ५००.१५ आणणारी मुलं दरवर्षी असायची. ३५ हे ७ च्या पाचपट आहेत हे ज्याच्या लक्षात आलं, तो दर न काढताच ५०० म्हणायचा.

जुन्या गणितज्ञांनी ही अडचण मुळातच टाळली होती. त्रैराशिकात तीन राशी असतात: प्रमाण, फल आणि इच्छा. इथे प्रमाण १२ मीटर, फल ८ रुपये, इच्छा ३० मीटर. फलाला इच्छेने गुणायचं आणि मग प्रमाणाने भागायचं. हा नियम आर्यभटाने इ.स. ४९९ च्या आर्यभटीयात दिला आहे, भास्कराचार्यांच्या ११५० च्या लीलावतीतही तो आहे. यात गुणाकार आधी, भागाकार सगळ्यात शेवटी. ८ × ३० = २४०, भागिले १२, उत्तर २०. मध्ये अपूर्णांक डोकंच वर काढत नाही.

तरी मी मुलांना आधी एकमान शिकवतो, त्रैराशिक नंतर. त्रैराशिकात हात चालतो, पण "एकाला किती" हा विचार झाकला जातो.

---

नवी_पाटी

बऱ्याच वर्षांनी पुन्हा गणित करायला घेतलंय, त्यामुळे हा धागा वेळेवर आला. माझा प्रश्न कदाचित प्राथमिक वाटेल.

६ माणसं एक काम १० दिवसांत करतात, तर ४ माणसं किती दिवसांत करतील? मी एकमानाने केलं. ६ माणसांना १० दिवस, १ माणसाला १०/६ दिवस, ४ माणसांना ६.६७ दिवस. उत्तरात मात्र १५ दिलंय. इथे "ला" पण लावला आणि जे काढायचं ते उजवीकडेही लिहिलं. मग चुकलं कुठे?

---

त्रिज्या

नवी_पाटी, प्रश्न प्राथमिक अजिबात नाही, गाठ इथेच आहे.

तुमची मधली ओळ मोठ्याने वाचा: "१ माणसाला १०/६ दिवस". म्हणजे सहा जणांना दहा दिवस लागणारं काम एकटा माणूस दोन दिवसांच्या आत संपवतो! एकट्याला जास्त दिवस लागायला हवेत. भागाकार करण्याआधी एकच विचारायचं: एक बाजू दुप्पट केली तर दुसरी दुप्पट होते का?

तार दुप्पट, किंमत दुप्पट. हे समचलन, एकमान सरळ चालतं.
माणसं दुप्पट, दिवस निम्मे. हे व्यस्तचलन. इथे भागाकार स्थिर राहत नाही, गुणाकार स्थिर राहतो. ६ × १० = ६० मनुष्यदिवस, हे कामाचं माप. ते ४ जणांत वाटलं की १५ दिवस.

सगळे सारख्याच वेगाने काम करतात आणि एकमेकांच्या आड येत नाहीत, हे इथे गृहीत आहे. उदाहरणात ते लिहिलेलं नसतं, पण मुलांना सांगावं.

आणि तिसरा प्रकारही आहे, तो सगळ्यात जास्त फसवतो. एक दुप्पट केलं की दुसरं वाढतं, पण दुप्पट होत नाही. त्याबद्दल इथे कुणीतरी अनुभवाने लिहील अशी आशा आहे.

---

खिळेजुळारी

त्रिज्या, तो तिसरा प्रकार माझ्या रोजच्या कामातला आहे. मी छपाईत आहे.

छपाईत पहिली प्रत निघायच्या आधीच खर्च झालेला असतो. प्लेट बनवायची, मशीनवर चढवायची, शाई आणि रंग जुळेपर्यंत कागद वाया घालवायचा. हे एका प्रतीसाठी जेवढं, तेवढंच हजार प्रतींसाठी. हिशेबाला सोपे आकडे घेतो: हा सुरुवातीचा खर्च १२०० रुपये आणि त्यानंतर प्रत्येक प्रतीला ४ रुपये.

१०० प्रती: १२०० + ४०० = १६००, म्हणजे प्रतीला १६.
५०० प्रती: १२०० + २००० = ३२००, म्हणजे प्रतीला ६.४०.
१००० प्रती: १२०० + ४००० = ५२००, म्हणजे प्रतीला ५.२०.

आता गिऱ्हाईक म्हणतं, "शंभरला सोळाशे ना? मग मला पन्नासच द्या, आठशे देतो." पन्नासचा हिशेब होतो १२०० + २०० = १४००. प्रतीला २८ पडतात. मी लुबाडतोय असं त्यांना वाटतं. त्यांचं एकमान बिनचूक असतं, पण ते इथे लागूच होत नाही. शांतपणे कागदावर दोन ओळी लिहून दाखवल्या की कळतं. एक ओळ न बदलणाऱ्या खर्चाची, दुसरी प्रतींबरोबर वाढणाऱ्याची.

समोरच्याने खर्चाची फोड सांगितली नसली तरी दोन भावांवरून ती काढता येते, हे मला एका जुन्या सहकाऱ्याने शिकवलं. १०० ला १६०० आणि ५०० ला ३२००. प्रती ४०० ने वाढल्या, पैसे १६०० ने. म्हणजे वाढीव प्रतीला ४ रुपये. मग १०० प्रतींचे ४०० काढून टाका, उरले १२००, तो सुरुवातीचा खर्च. कुठल्याही कामाचा भाव घेताना दोन वेगवेगळ्या संख्यांसाठी विचारावा, एकाच संख्येसाठी नाही. भावाच्या आत काय दडलंय ते तेव्हाच दिसतं.

---

त्रिज्या

अगदी हेच हवं होतं. यात एक पडताळा जोडते: शून्य घेतलं तर किती? तारेत ० मीटरला ० रुपये. छपाईत ० प्रतींना १२००, कारण प्लेट तर बनली. शून्याला शून्य येत नसेल तिथे एकूण भागिले संख्या करून आलेला दर दुसऱ्या संख्येसाठी वापरता येत नाही. आलेखावर काढलं तर दोन्ही सरळ रेघाच दिसतात, फक्त एक आरंभबिंदूतून जाते आणि दुसरी वरून सुरू होते.

टप्प्यांचे दर असतील तर आणखी वेगळं. पहिल्या १०० एककांना ३ रुपये दर, पुढच्या १०० ला ५ रुपये. वापर १५० झाला तर कित्येक जण १५० × ५ = ७५० करतात. पण पहिले शंभर ३ नेच मोजायचे: ३०० + २५० = ५५०. सरासरी दर ३.६७ पडतो, पण यापुढे वापरलेल्या प्रत्येक एककाला ५ पडणार आहेत. बचत किती होईल हे काढायचं असेल तर ५ घ्यायचे, ३.६७ नाही.

---

मोजपट्टी

मी आतल्या सजावटीची आणि फर्निचरची कामं घेतो. माझ्याकडून एक.

आमच्या कामात "फुटाला इतके" असं बोलायची सवय आहे. हे फूट कुठलं? रनिंग फूट की स्क्वेअर फूट? सुरुवातीच्या काळात एका घरात भिंतीवर पॅनेल लावायचं काम होतं. भिंत १२ फूट लांब, ८ फूट उंच. मी सांगितलं, "फुटाला ९०." माझ्या डोक्यात स्क्वेअर फूट. १२ × ८ = ९६, गुणिले ९० म्हणजे ८,६४०. घरच्यांच्या डोक्यात लांबीचं फूट. १२ × ९० म्हणजे १,०८०. त्यांनी हो म्हटलं, मी माल उचलला, आणि हिशेब समोर ठेवला तेव्हा ते गृहस्थ काही न बोलता खुर्चीत बसून राहिले. त्यांनी फसवलं नव्हतं, मीही फसवलं नव्हतं. दर एकच होता, दोघांचं "एक" वेगळं होतं. शेवटी मी फक्त मालाचे पैसे घेतले. तो चेहरा अजून आठवतो. तेव्हापासून मी भाव तोंडी देत नाही. कागदावर "दर चौरस फुटाला" असं पूर्ण लिहितो आणि शेजारी लांबी गुणिले रुंदीही लिहितो.

सांजवात, भाचीला हे जरूर दाखवा. चौरस तुकड्याची बाजू दुप्पट केली तर किंमत दुप्पट होत नाही, चौपट होते. २ बाय २ म्हणजे ४, ४ बाय ४ म्हणजे १६. मुलांना हे कागदाचे चौकोन कापून दाखवलं की पक्कं बसतं.

आणि उत्तर आलं तरी काम संपत नाही. फरशी २६ लागतात, खोका १० चा, खोक्याला १५० रुपये. फरशीला १५, तर २६ ला ३९० असं कागदावर येतं. पण २.६ खोके कुणी देत नाही. तीन घ्यावे लागतात, ४५०. म्हणजे लागलेल्या प्रत्येक फरशीला प्रत्यक्षात १७ रुपयांच्या वर पडले. त्यात कापताना तुटणाऱ्या वेगळ्या. उरलेल्या चार फरशा पुढे मोडतोडीला कामी येतात म्हणून मी त्याला नुकसान म्हणत नाही, पण हिशेबात धरतो.

---

सांजवात

मोजपट्टी, तुमचा प्रसंग वाचून हाताने मोजून बघितलं. "दर फुटाला" एवढ्या दोन शब्दांत साडेसात हजारांची तफावत. भाचीला आज चौकोन कापायला देते.

काल तिच्यासोबत आणखी एक बघितलं. रंगाचे दोन डबे: एक ७५० मिलिलिटर, ९० रुपये. दुसरा १.२ लिटर, १३८ रुपये. स्वस्त कुठला? ती म्हणाली पहिला, कारण ९० कमी आहेत. मग दर काढायला बसली तर एकीकडे ७५० आणि दुसरीकडे १.२. ९० भागिले ७५०, आणि १३८ भागिले १.२. एक उत्तर ०.१२, दुसरं ११५. "मावशी, पहिला खूपच स्वस्त आहे!" मला तिला थांबवायचं नव्हतं, म्हणून विचारलं, "०.१२ कशाला?" जरा थांबून म्हणाली, "मिलिलिटरला." मग स्वतःच हजाराने गुणलं. १२०. लिटरला १२० आणि लिटरला ११५. दुसरा डबा स्वस्त.

त्यावर तिचा पुढचा प्रश्न: "पण आपल्याला अर्धाच लिटर लागत असेल तर?" तेव्हा पहिलाच घ्यायचा, कारण खिशातून ९० जातात, १३८ नाही, आणि उरलेला रंग डब्यात सुकून जातो. दर कमी असणं आणि खर्च कमी होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ती मला विचारून गेली.

एक शंका मलाच आहे. "किमतीत २० टक्के सूट" आणि "त्याच किमतीत २० टक्के जास्त माल" हे सारखंच ना?

---

त्रिज्या

सारखं नाही. १०० रुपयांना १०० ग्रॅम धरा. सूट मिळाली तर ८० रुपयांना १०० ग्रॅम, दर ०.८०. जास्त माल मिळाला तर १०० रुपयांना १२० ग्रॅम, दर ०.८३. म्हणजे २० टक्के जास्त माल ही दरातली १६.६७ टक्के सूट झाली. एकात अंश कमी झाला, दुसऱ्यात छेद वाढला. "दोनच्या पैशांत तीन" म्हणजे ५० टक्के जास्त माल, पण दरात सूट ३३.३३ टक्केच.

सरासरीतही हाच छेद घात करतो. एक तार मीटरला ४ रुपये, दुसरी ६ रुपये. दोन्हींवर १२०-१२० रुपये खर्च केले तर सरासरी दर किती? ५ म्हणावंसं वाटतं. पण पहिली ३० मीटर आली, दुसरी २० मीटर. २४० रुपयांना ५० मीटर, दर ४.८०. दोन्ही सारख्याच लांबीच्या घेतल्या असत्या तरच ५ आला असता. वेगाचंही तसंच. ६० किलोमीटर जाताना ताशी ३०, येताना ताशी ६०. जायला २ तास, यायला १ तास, १२० किलोमीटरला ३ तास, सरासरी ताशी ४०. ४५ नाही. दरांची सरासरी थेट काढू नये. वरची बेरीज वेगळी, खालची बेरीज वेगळी करावी आणि मग भागावं.

---

रानवारा

मोजपट्टींचं "एक वेगळं होतं" हे वाक्य वाचून २३ जुलै १९८३ ची एक घटना लिहावीशी वाटली. कॅनडातलं बोईंग ७६७ विमान, मॉन्ट्रिअलहून ओटावामार्गे एडमंटनला निघालेलं. ४१,००० फुटांवर असताना इंधनाचा दाब कमी झाल्याचे इशारे आले आणि थोड्याच वेळात, एकामागून एक, दोन्ही इंजिनं इंधनाअभावी बंद पडली.

मुख्य कारण "एकाला किती" चंच होतं. इंधन ओतताना लिटरमध्ये मोजतात, पण विमानाला वजन कळावं लागतं. म्हणून लिटरला किती वजन हा दर हवा. त्या प्रवासाला २२,३०० किलो इंधन हवं होतं. टाक्यांत ७,६८२ लिटर होतं. हिशेबात दर घेतला १.७७. तो लिटरला पौंड आहे. किलोचा दर साधारण ०.८ होता. हे विमान त्या कंपनीच्या ताफ्यात किलोवर चालणारं नवं होतं, बाकी विमानांत पौंडांची सवय होती.

७,६८२ × १.७७ = १३,५९७. याला त्यांनी किलो समजलं. २२,३०० मधून वजा केले, उरले ८,७०३. पुन्हा १.७७ ने भागले, ४,९१७ लिटर. तेवढंच ओतलं. हवं होतं सुमारे २०,००० लिटर. विमान निघालं तेव्हा त्यात गरजेच्या निम्म्याहून कमी इंधन होतं.

सगळे गुणाकार-भागाकार तपासून बघा, एकही चुकलेला नाही. सांजवात, तुमच्या भाचीने विचारलं तेच इथेही विचारता येईल: "पण माझा भागाकार बरोबर आहे ना?" फक्त १.७७ च्या शेजारी "लिटरला पौंड" असं कुणी लिहिलं नव्हतं.

वैमानिकांनी ते विमान ग्लायडरसारखं तरंगत गिमली इथल्या, हवाई दलाच्या बंद पडलेल्या तळाच्या धावपट्टीवर उतरवलं. विमानातले ६९ च्या ६९ जण वाचले.

---

जुना_फळा

रानवारा, ही घटना आधी माहीत असती तर वर्गात दरवर्षी सांगितली असती.

म्हणूनच आकड्यासोबत एककही मांडा असा माझा हट्ट असायचा. ते आकड्यासारखंच छेदता येतं. (रुपये/मीटर) × मीटर, मीटर छेदले गेले, उरले रुपये. भाचीच्या पहिल्या गणितात (मीटर/रुपये) × मीटर असं मांडलं असतं तर उत्तरात मीटर गुणिले मीटर भागिले रुपये आलं असतं. तिनेच विचारलं असतं, हे काय आलं?

नवी_पाटी, तुमच्या उदाहरणात माणसं × दिवस भागिले माणसं, उरतात दिवस. जमतंय का बघा.

---

नवी_पाटी

जमतंय सर. काल रात्री व्यस्तचलनाची दहा उदाहरणं केली, प्रत्येकाआधी "दुप्पट केलं तर?" विचारून. नऊ बरोबर आली. दहाव्यात माणसं, दिवस आणि रोजचे तास असे तिन्ही होते. पण एककं लिहिल्यामुळे कुठे अडलो ते स्वतःलाच सापडलं: मनुष्यदिवस नाही, मनुष्यतास हवे होते.

---

सांजवात

सगळ्यांचे मनापासून आभार. आज भाचीला म्हटलं, उदाहरण तू तयार कर, मी सोडवते. तिने लिहिलं ते असं:

"एक नळ ४ मिनिटांत १० लिटर पाणी सोडतो. मिनिटाला किती लिटर? लिटरला किती मिनिटं? ३५ लिटरची टाकी भरायला यातलं कुठलं उत्तर वापरायचं?"

मिनिटाला २.५ लिटर, लिटरला ०.४ मिनिट. मी ३५ × ०.४ = १४ मिनिटं केलं. ती म्हणाली, "मी ३५ ला २.५ ने भागलं. १४ च आलं. दोन्ही चालतात, फक्त एकाने गुणायचं आणि एकाने भागायचं." मग तिने वहीची मागची पानं उलटून तारेचं ते पहिलं गणित काढलं. रुपयाला १.५ मीटर. मीटरला ८/१२ रुपये. दोघांचा गुणाकार केला, १ आला. नळाचाही केला, २.५ गुणिले ०.४, पुन्हा १. आता विचारतेय, असं नेहमीच येतं का, आणि का येतं?

---

जुना_फळा

नेहमीच येतं. का ते तिला सांगू नका. १०/४ आणि ४/१० हे दोन्ही पूर्ण एककांसह एकाखाली एक लिहा, वही तिच्यासमोर ठेवा आणि थोडा वेळ खोलीतून बाहेर जा.